तबक खाली ठेवलं

शाळेच्या मॅडमने माझे हात टॉवेलने बांधले. पाठीमागे. सकाळच्या प्रार्थनेला, चाळीस मुलांसमोर.

मुलं बहिरी होती, डोळे शाबूत होते. हात हलवणाऱ्याचं काय होतं हे त्यांना तोंडाने सांगायची गरज नव्हती. मला मात्र मॅडमने तोंडाने सांगितलं.

"ऊमैची पोर तूं. तूं शिकवतीस काय पोरांस? भांडीं घास, पो!"

मग हात सोडले. भांडी घासायला ते लागणार होते.

ऊमै म्हणजे तमिळमध्ये मुकी, पो म्हणजे जा. माझी आई जन्माची बहिरी. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत घरोघर धुणीभांडी करायची. गल्लीने तिला कधी नावाने ओळखलं नाही. ऊमै आली, ऊमै गेली. मी हातांनी बोलायला आधी शिकले, तोंडाने मागाहून. आमची भांडणंसुद्धा हातांनी व्हायची. आईचा राग अनावर झाला की ती एका हातात पळी धरून दुसऱ्या हाताने बोलायची, आणि मला सगळं कळायचं.

मॅडमही आमच्यासारख्याच तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज राजवाड्यात कागद लिहीत, आमचे पाणी भरत. एवढी ओळख त्यांना पुरेशी होती.

बहिऱ्या मुलांच्या त्या शाळेत मी आया होते. नाकं पुसायची, न्हाऊ घालायचं, सुटी लागली की एकेका मुलाला बसने त्याच्या गावी पोचवायचं. शाळेचा नियम एकच, मुलांनी तोंडानेच बोलायचं. मॅडमच्या गळ्यावर बोटं ठेवून पा, पा, मा, मा. हात हलला की पट्टी.

त्या मुलांतली सेल्वी ओरत्तनाडु गावाकडची, आठ वर्षांची. आली तेव्हा तिच्याकडे घरच्या चार खुणा होत्या. आईसाठी ती नाकपुडीला बोट लावायची, कारण तिची आई चमकी घालते. मी तिला न्हाणीत शिकवायला लागले. दार लावून, पाणी सोडून. पाणी, गरम, साबण, डोळ्यात गेला. मग काल, उद्या, का, कुणी. एके दिवशी केस पुसताना तिने मला सांगितलं की घरची शेळी विकली तेव्हा ती जेवली नव्हती. कुणालाच कळलं नाही ती का जेवत नाही. आठ वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच कुणाला आपली गोष्ट सांगत होती. मला रडू आवरेना.

स्वयंपाकिणीने चहाडी केली. म्हणून तो टॉवेल.

त्याच वर्षी परदेशातून हेलन आली. गावात पिवळे एसटीडी बूथ उगवत होते, गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबत होत्या, आणि बाहेरून येईल ते सगळं चांगलं होतं. हेलन सहा महिने फुकट शिकवणार होती. काय? हातांची भाषा! मॅडमने तिला वर्ग दिला. पंखा दिला. पाहुण्यांना सांगू लागल्या, हे शास्त्र आहे, पुढारलेल्या देशांत असंच शिकवतात. माझे हात हलले तर माकडचेष्टा, तिचे हलले तर शास्त्र.

हेलन वाईट नव्हती. जमिनीवर मांडी घालून बसायची, हाताने सांबारभात खायची. पण खुणा तिच्या देशाच्या होत्या. सेल्वीने आई म्हणून नाकपुडीला बोट लावलं, की हेलन ते बोट हलकेच धरून दुसरीकडे न्यायची. सेल्वी दोन आठवड्यांत हातांनी भराभरा बोलू लागली. हेलनला तो चमत्कार वाटला. मी तिला गाठून माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आय टीच. बिफोर." तिने माझ्याकडे गोड हसून बघितलं आणि मला एक चॉकलेट दिलं.

ते मी सेल्वीला दिलं. गिळवलं नसतं.

हेलनच्या निरोपाचा समारंभ झाला. टीव्ही विकणारे एक मोठे व्यापारी पाहुणे होते. आदल्या दिवशी मॅडमने मला बजावलं, शाली-नारळांचं तबक दोन्ही हातांनी धरून स्टेजवर उभं राहायचं. शिपायाला म्हणाल्या, "हिचे हात मोकळे नोको." मी ऐकलं. धरलं तबक. पितळेचं, जड.

सेल्वीने पाहुण्यांसमोर दहा खुणा केल्या. आई ही खूण हेलनच्या देशाची केली. मग हेलन इंग्रजीत बोलली आणि मॅडमने तमिळमध्ये सांगितलं, "हेलन आल्या तेव्हा या मुलीला भाषाच नव्हती." टाळ्या झाल्या.

आई त्या दिवशी जेवणाची भांडी घासायला आली होती. टाळ्या वाजवणारे हात दारातून तिला दिसले. तिने तिथूनच मला विचारलं, काय म्हणतायत?

मला उत्तर देता येईना. हातात तबक होतं.

आईने पुन्हा विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईशी मुकी झाले होते. डोक्यात तिडीक गेली. मी तबक खाली ठेवलं, स्टेजच्या मधोमध. नारळ गडगडत पाहुण्यांच्या बुटांपाशी गेला. आणि मी सगळ्यांच्या डोक्यावरून आईला सांगितलं. हे म्हणतायत सेल्वीला भाषा नव्हती. म्हणजे तुलाही नाही. मलाही नाही.

आईने ओले हात लुगड्याला पुसले आणि विचारलं, मग आपण इतकी वर्षं भांडत होतो ते कशात?

मी हसले. स्टेजवर, मोठ्याने. मॅडम दात आवळून म्हणाल्या, "उचल तें."

"उचलत नाहीं."

सेल्वी आमच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे वळून हात हलवला तशी तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले. कुणी सांगितलं नव्हतं. घाबरून, आपणहून. त्याच दिवशी मला कामावरून काढलं. नोकरी गेल्याचं दुःख झालं नाही. त्या दोन हातांचं झालं. तिथे मला सूड हवासा वाटला, आणि तो अजून हवा आहे.

हेलन गेली. पंखा मॅडमच्या खोलीत गेला, वर्ग पुन्हा पा, पा, मा, मा. महिन्याभरात सेल्वीला घरी धाडलं. ही शिकण्यासारखी नाही म्हणे. मी ओरत्तनाडुची बस धरली. तिच्या बापापुढे दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन आले. आता ती आमच्या ओसरीवर असते. आई शिकवते, मी शिकवते. ती आईला उलट उत्तरं देते, आई तिच्यावर पळी उगारते.

मॅडमचा निरोप आला होता, नवे परदेशी पाहुणे येणार आहेत, त्यांना खुणा दाखवायला कुणी नाही, झालं गेलं विसर, ये. मी विसरणार नाही.

मॅडमला एक गोष्ट सुचलेली नाही. त्या शाळेतलं एकेक मूल सुटीत त्याच्या घरी मीच पोचवलं आहे. कुठल्या फाट्यावर उतरायचं, कुठल्या देवळामागून वळायचं, कुणाचा कुत्रा चावतो, मला सगळं पाठ आहे. दर रविवारी मी एका घरी जाते. आईबापांना सांगते तुमच्या पोराच्या हातांचं तिथे काय करतात, आणि मग त्यांच्यासमोर पोराशी बोलते. ते बघून आईबापांना दुसरं काही सांगावं लागत नाही. सेल्वी धरून सहा मुलं आमच्या ओसरीवर आणली. शाळेच्या पटावर चौतीस उरली आहेत. मला घाई नाही. मॅडमचे सगळे बाक रिकामे झाल्याशिवाय मी थांबणार नाही.