मण्यांचा रकाना

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता मालूताई गेल्या. दुपारी त्यांना उल्हास नदीच्या काठी नेलं. गुरुवारी शाळेत शोकसभा झाली आणि तिच्यात मी बोललो.

ताईंनी पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या हातापायांचं कसब जोखणारी एक कसोटी तयार केली, ती मुलांना लावण्याआधी ती कसोटीच खरी आहे का हे तपासलं, आणि त्या तपासणीत मी त्यांच्याबरोबर होतो — एवढंच बोललो. त्यात खोटं काही नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. पण एक गोष्ट मी सोडून दिली. चोवीस वर्षं ती सोडतच आलो आहे. बायकोला सांगितली नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाही.

आधी ताईंविषयी थोडं लिहू द्या. हे टाळणं आहे, मला कळतं. पण त्या कशा होत्या हे कळल्याशिवाय मी काय केलं तेही कळणार नाही.

पुण्याहून पदवी घेऊन त्या कर्जतला आल्या आणि स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन राहिल्या. एका संस्थेच्या बालवाड्या त्यांच्याकडे होत्या. मी तेव्हा कशेळ्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका ठाकरवाडीतल्या एकशिक्षकी शाळेवर होतो. बालवाडी माझ्याच शाळेच्या पडवीत भरायची. पहिल्यांदा आल्या तेव्हा चढणीवर त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. चपला पिशवीत टाकून त्या अनवाणी वर आल्या आणि आल्या आल्या मला म्हणाल्या, "गुरुजी, अक्षर वाईट म्हणून तुम्ही मुलांना पट्टी मारता का?"

मी मारत होतो. तेव्हा सगळेच मारत. खोटं बोललो नाही.

"मग आपण असं करू," त्या म्हणाल्या, "पेन्सिल द्यायच्या आधी हात पाहू."

त्यांना छातीठोक बोलणाऱ्या विदुषी म्हणून रंगवायचं नाही मला. त्या शंका घेणाऱ्या बाई होत्या, आणि सगळ्यात आधी स्वतःवर. एका पायावर उभं राहणं, आखलेल्या रेघेवरून चालणं, चेंडू झेलणं, कागद कापणं, दोऱ्यात मणी ओवणं — अशी कामं त्यांनी ठरवली होती. ज्याला ती जमत नाहीत त्याला पहिलीत न घालता बालवाडीत आणखी एक वर्ष ठेवायचं, हाताला काम द्यायचं, म्हणजे पहिलीत त्याला मार बसणार नाही. हेतू इतका साधा होता. पण त्या म्हणायच्या, "कापड मोजायच्या आधी गज तपासावा. माझा गजच आखूड असला तर?"

यादीत शर्टाची बटणं लावणं हेही होतं. त्यासाठी त्यांनी कर्जतच्या शिंप्याकडून एक फळी करून आणली होती, तिच्यावर कापड आणि पाच बटणं. वाडीतल्या एका म्हातारीनं ती फळी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "बाय, हितं बटनं हायती कुनाच्या सदऱ्याला? तुमी आदी सदरं वाटा, मंग परीक्षा घ्या." सगळ्या बाया हसल्या. ताईही हसल्या. आणि त्याच दुपारी माझ्यासमोर त्यांनी बटणांचा रकाना खोडला. तीन महिन्यांचं काम त्यात होतं. शिंप्याची फळी त्यांनी मुलांना खेळायला दिली.

म्हणजे पाहा, एका म्हातारीच्या एका वाक्यावर ज्या बाई रकाना खोडत होत्या, त्यांना माझ्याकडून एक वाक्य पुरलं असतं.

तपासणीची त्यांची रीत अशी होती. एकाच मुलाला दोघांनी पाहायचं, दोघांनी आपापली स्वतंत्र खूण करायची. पडवीच्या खांबाच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी, समोर अंगणात मूल. एकमेकांचा कागद पाहायचा नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. असे दोन दिवस, दोन वेगळे गट. रोज संध्याकाळी कागद शेजारी ठेवून फरक मोजायचे, पण त्यावर चर्चा मात्र दुसरा दिवस संपल्यावरच. आधी बोललो तर एकाची नजर दुसऱ्याला लागते, असं त्या म्हणायच्या. दोघांची नजर जुळली नाही तर ते काम कसोटीतून काढायचं, नाहीतर त्याचा नियम बदलायचा.

पहिल्या दिवशी बाकी सगळं जुळलं. मण्यांच्या रकान्यात मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीला फरक निघाला. ताईंची फुली, माझी बरोबरची खूण.

कारण मला माहीत होतं. वाडीतली मुलं मणी ओवताना उकिडवी बसत, दोऱ्याचं एक टोक पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरत, दोरा ताणून घेत आणि भराभर मणी सोडत. ताईंच्या नियमात लिहिलं होतं — दोन्ही हातांनी, दुसऱ्या कशाचाही आधार न घेता. पायाचा आधार घेतला म्हणजे हात कच्चे, असं त्यांनी धरलं. शहरात वाढलेल्या माणसानं तसं धरणं अगदी साहजिक होतं. मी ते कौशल्य मानलं. माझे वडील वाखाची दोरी तशीच वळायचे. मीसुद्धा.

ताई त्या फरकावर नाराज झाल्या नाहीत. उलट खूश दिसल्या. "उद्याही असंच आलं तर परवा बसून बोलू," एवढंच म्हणाल्या.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मी उघडा पडलो. खालापूरला शिकायला होतो तेव्हा एकदा हस्तकलेच्या तासाला मी सुतळी पायाच्या बोटांत धरली होती. मागचा मुलगा म्हणाला, "मास्तर, ह्याला पायानंच लिवू द्या, अक्षर बरं येईल." वर्ग हसला, मास्तरही हसले. त्यानंतर मी कधीही, घरीसुद्धा, पायाला दोरा लावला नाही. आता ताईंना कळणार, की हा गुरुजी फुलीच्या जागी बरोबर करतो, कारण हाही त्यातलाच. मी भातशेतीवाल्याचा मुलगा, सातवीची फायनल होऊन मास्तर झालेला, घरात पुस्तकांची एक फळी असलेला — त्या फळीचा मला फार अभिमान होता. ताई माझ्याशी पुस्तकांवर बोलायच्या. ते बोलणं मला गमवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऐकलं.

ताई पेन्सिल दाबून लिहायच्या. खाली पुठ्ठा असायचा. बरोबरची खूण म्हणजे एक खरखर. फुली म्हणजे दोन. खांबापलीकडून सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मी मान वळवली नाही, त्यांचा कागद पाहिला नाही — नियम पाळला, असंही तेव्हा मनाशी म्हटल्याचं आठवतं. फक्त खूण करायला एक क्षण उशीर करत होतो.

त्या दिवशी चौथ्या नंबरला सोमी आली. पाच-सहा वर्षांची, झिपरी, नाकात काडी. बसली, दोरा पायात धरला, आणि तिचे हात चालू झाले. असे हात मी त्यानंतर पाहिले नाहीत. मणी बशीतून उचलताना ती बशीकडे पाहतच नव्हती, ताईंच्या तोंडाकडे पाहत होती. ताई वेळेसाठी मोठ्यानं आकडे मोजत, ते निम्म्यावर आले तेव्हा बशी रिकामी. वर तिनं विचारलं, "आनिक हाईत?"

पलीकडून दोनदा खरखर झाली. मी फुली केली.

संध्याकाळी कागद शेजारी ठेवले. मण्यांच्या रकान्यात एकही फरक नाही. ताई बराच वेळ दोन्ही दिवसांचे कागद पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कालचा फरक नवखेपणाचा असणार. आज तुमची नजर बसली." आणि मणी कसोटीत राहिले.

तेव्हा तोंड उघडता आलं नसतं का? आलं असतं. खालापूरला शिक्षकांच्या सभेत त्यांनी आमच्या खुणांचे कागद उंच धरून दाखवले, माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या — तेव्हाही आलं असतं. मी माझ्या बुटांकडे पाहत बसलो होतो.

त्या वर्षी सोमी पहिलीत आली नाही. पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून मी एकटाच होतो. ताईंचा माझ्यावर तेवढा विश्वास बसला होता. सोमीनं पुन्हा दोरा पायात धरला. या वेळी पलीकडे कुणी नव्हतं, ऐकायला काही नव्हतं. फुली मी माझ्या हातानं केली. बरोबरची खूण केली असती तर गेल्या वर्षीचं काय, हे कुणीतरी विचारलं असतं. कुणी विचारलं असतं? ताईंनी. म्हणून फुली केली.

तिचा आजा शाळेत आला. टोपल्या विणणारा म्हातारा. पडवीत न चढता खालीच उभा राहिला.

"पोरीचा हात मंद हाय म्हंता, गुरजी?"

"नियम आहे, बाबा."

"काल माजी टोपली हिनंच पुरी केली. मला आता दिसत नाय."

मी हजेरीचं पान उलटलं.

"नियम कुनी केला?"

मी म्हणालो, "बाईंनी."

म्हातारा म्हणाला, "बाय चांगली हाय. आमच्या पोरांची शेंबडं पुसती. तिनं केला तर खराच आसंल." आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून तिला म्हणाला, "चल गं. तुला नाय जमायचं."

सोमी पुन्हा शाळेत आली नाही. तिसऱ्या वर्षी बोलवायला मी गेलो नाही.

त्याच्यानंतर ताई आणि मी वीसहून जास्त वर्षं बरोबर काम केलं. किती मुलांचा मार त्यांनी वाचवला, मोजता येणार नाही. पट्टी मी त्यांच्यामुळे टाकली. मूल चुकलं की आधी स्वतःचा प्रश्न तपासायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि शिकवतही आलो. त्यांच्याइतकी प्रामाणिक व्यक्ती मला भेटली नाही. आणि त्या प्रामाणिकपणाला मी काय खायला घातलं?

गेल्या महिन्यात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. रोज तासभर मी त्यांना वाचून दाखवायला जात होतो. एके दिवशी मध्येच थांबवून म्हणाल्या, "गुरुजी, त्या मण्यांबद्दल मला पहिल्या दिवशी शंका आली होती. ती मुलं पायात दोरा धरायची, आठवतं? वाटलं, मी नियमच चुकीचा लिहिलाय. मग दुसऱ्या दिवशी तुमच्या खुणा पाहिल्या. म्हटलं, ह्यांना ही मुलं माझ्यापेक्षा ठाऊक. ह्यांनी फुली केली म्हणजे फुलीच."

मी पुस्तकाचं पान धरून बसलो होतो. त्यांनी डोळे मिटले होते, पण झोपल्या नव्हत्या. मी पुढची ओळ वाचायला लागलो.

त्यांनी विचारलं होतं का? की सांगत होत्या? की मला जागा करून देत होत्या? मला आता ते कळायचं नाही.

कसोटी अजून वापरात आहे. नियम बदलावा म्हणून काल मी संस्थेला पत्र लिहिलं. त्यात पायाचा आधार चालतो असं लिहिलं आहे, दुसऱ्या दिवसाचं लिहिलेलं नाही.

सोमी कशेळ्याला राहते. आता तिशीची आहे. तिला वाचता येत नाही.