सराउंड आणि खिशातले हात

फळा रोज पुसला तरी खालच्या पट्टीवर खडूची भुकटी साठतेच. क्लास घेणाऱ्याकडे किस्से तसेच साठतात. डिंडोलीत, कारागिरांच्या वस्तीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी वर्षभर दर रविवारी इंग्रजी बोलायचा क्लास घेतला, त्यातला एका शब्दाचा ढीग वेगळा काढून ठेवलाय. शब्द होता ‘सराउंड’. मित्रांना सांगताना मी हे किस्से हसवत सांगतो. लिहायला बसलो की तेवढं जमत नाही.

*

सहावीपासून मी दूर डोंगरातल्या निवासी शाळेत, मग दिल्लीला, मग दोन वर्षं इंग्लंडात. परत आलो तो ठरवूनच, की आपल्या माणसांना इंग्रजी द्यायची. पहिल्या रविवारी पंधरा जण आले. बहुतेक उधन्याच्या लूमवरचे, म्हणजे यंत्रमागांवरचे, कारागीर, दोन-चार बायका. पुढच्या बाकावर आमच्या शेजारचा सुरेशदादा. लहानपणी मला खांद्यावर बसवून भाजीबाजारात नेणारा हा माणूस उभा राहून म्हणाला, “गुड मॉर्निंग, सर.” मी त्याला बसा म्हणालो. सर म्हणू नको, असं मात्र म्हणालो नाही.

*

सुरेशदादाला इंग्रजी हवी होती ती एका कारणासाठी. त्याचे शेठ जुने लूम काढून पाण्याच्या झोतावर विणणारी नवी वॉटरजेट मशीन आणणार होते. मशीनच्या कंपनीचा परदेशी इंजिनीअर येऊन दोन कारागीर ट्रेनिंगला निवडणार होता. बाकीच्यांनी दुसरीकडे काम बघायचं. दादाचं वय सेहेचाळीस. दुसरीकडे कोण घेणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

*

‘सराउंड’ शिकवताना मी फळ्यावर अर्थ लिहिला, ‘चारही बाजूंनी वेढणे’. उदाहरणं दिली: समुद्र बेटाला सराउंड करतो, पोलीस चोराला सराउंड करतात. बेट कुणी पाहिलं नव्हतं. चोर सगळ्यांना पटला.

बुलढाण्याहून आलेल्या गजाननने लगेच वाक्य केलं, की मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या अकरा नातेवाइकांनी मला सराउंड केलं. सगळे हसले. मी वाक्य बरोबर आहे म्हणालो, तर तो म्हणाला, “वाक्य बरोबर आहे सर, लग्न नाही झालं.”

*

साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करणाऱ्या लतामावशींनी हात वर केला. त्यांचे यजमान गेले तेव्हा गल्लीतल्या बायका बारा दिवस त्यांच्याभोवती बसून होत्या, एकटं सोडलं नाही. त्याला हा शब्द चालतो का, की हा पोलिसांचाच शब्द आहे?

मी घड्याळ बघत म्हणालो, “व्याकरणाच्या दृष्टीने चालेल.” आणि पुढचा शब्द लिहिला.

*

आता हातांचं. लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आले, प्रत्येकाला खूण आहे. वीस वर्षं असं बोलल्यावर ती सवय क्लासमध्ये कशी सुटणार? ‘सराउंड’चा अर्थ विचारला की बारा तर्जन्या हवेत गोल फिरायच्या आणि तोंडं बंद.

मला राग यायचा. मी नियम केला, क्लासमध्ये हात खिशात. भाषा तोंडातून आली पाहिजे.

लतामावशी म्हणाल्या, “सर, माले खिसाच नही.”

“मग पदरात ठेवा,” मी म्हणालो. त्यांनी ठेवले.

*

सुरेशदादाने वाक्य आणलं, बारा लूम मला सराउंड करतात. मी फळ्यावर त्याच्या कारखान्याचं चित्र काढलं. लूम एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, मधल्या गल्लीत तो. पुढची आणि मागची बाजू मोकळी. म्हणून वाक्य चूक.

दादाने चित्र नीट पाहिलं. हात खिशात होते. मग म्हणाला, “सर, लूम दोन बाजूले शेतस. पन आवाज चारीमेर शे.”

मी वाक्य सुधारून दिलं: ‘द नॉइज ऑफ ट्वेल्व्ह लूम्स सराउंड्स मी.’ आणि शेवटी ‘सर’ लावायला सांगितलं. इतकं सुंदर वाक्य मी शिकवलं, असं मी महिनाभर लोकांना सांगत होतो. ते त्याचं होतं.

*

घरी जेवताना मी बाबांना हौसेने सांगितलं, की सगळ्यांचे हात आता खिशात असतात. बाबा तीस वर्षं लूमवर होते, त्यांना कमी ऐकू येतं. आईने माझं बोलणं त्यांना हातांनी सांगितलं. त्यांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग त्या लोके बोलतस कसा?” त्यांनी विचारलं.

मी भाजी वाढून घेतली.

*

निवड कुणाची झाली ते आधीच सांगून टाकतो. सुरेशदादाची नाही. आता तो दिवस.

इंजिनीअर येणार म्हणून दादाने शेठना विचारून मलाही बोलावलं होतं. मी गेलो, मदतीला. बाराही लूम चालू होते. माझी इंग्रजी माझ्या ओठांपासून वीतभरही पुढे जात नव्हती, म्हणून मी दाराशी उभा राहिलो.

इंजिनीअर पन्नाशीचा, अशाच कारखान्यांत आयुष्य गेलेला. त्याने तोंड उघडलंच नाही. तुटलेल्या धाग्याकडे बोट केलं, दोन बोटांनी गाठ मारल्यासारखं केलं, मग तळहात उलटा करून विचारलं, पुढे काय? आधीच्या दोन कारागिरांनी हातांनी भराभर सांगितलं. तो मान डोलवत होता, मध्येच हसलासुद्धा.

मग सुरेशदादाची पाळी आली. त्याने लग्नातली इस्त्रीची पँट घातली होती. इंजिनीअरने तोच धागा दाखवला. दादाचा उजवा हात वर निघाला, अर्ध्यापर्यंत आला. तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली आणि त्याला मी दिसलो.

त्याने दोन्ही हात खिशात घातले. ताठ उभा राहिला. मानेच्या शिरा ताणून काहीतरी ओरडला. ओठांवरून मला शब्दन् शब्द कळला, बारा लूमच्या आवाजाचं ते वाक्य. इंजिनीअर कानामागे तळहात धरून पुढे वाकला. दादाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी जोरात, शेवटच्या ‘सर’सकट.

मी दारात उभा होतो. मला एकही खूण येत नव्हती.

बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला दादाने चहा मागवला, पहिला कप मला दिला. घाम पुसला आणि विचारलं,

“सर, वाक्य बरोबर व्हतं ना?”