निळा डाग, दोन वेळा

मी राहात्यात चित्रकला शिकवतो. त्यामुळे डाग काढणं हाच माझा खरा विषय. चित्रं आपली सवडीने. पोस्टर कलर सांडला तर घासायचं नाही, टिपायचं, कडेकडून मध्याकडे यायचं, हे मी इतक्यांदा सांगितलंय की मुलं ते ऐकायलाच सांडतात असा मला संशय आहे.

गेल्या नाताळाआधी एका शनिवारी मी आमच्या चर्चमध्ये बेथलेहेमचा पडदा रंगवत बसलो होतो. आकाशाला हात घातला आणि निळ्या रंगाचा डबा वेदीसमोरच्या गालिच्यावर आडवा झाला. चर्चची झाडलोट मला कळतं तेव्हापासून आई करते. आता तिचे गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आणि हे काम तरुण संघाकडे द्यावं अशी पंचांत कुजबुज सुरू होती. ती तिच्या कानावर गेली होती. ‘‘मंग मी तिथं नुसतं बसायला जाऊ व्हय?’’ असं तिनं मला एकदाच विचारलं होतं.

दुपारभर टिपत बसलो. थंड पाणी, शाम्पूची पुडी, माझं जुनं पांढरं बनियन. ते बाहेर नळावर पिळून परत आलो तोवर डाग गेला होता. पूर्ण गेला होता. त्या जागी ताटाएवढा गालिचा डाळिंबाच्या फुलासारखा लालभडक दिसत होता. बाकीचा काताच्या रंगाचा. इतकी वर्षं आम्ही सगळे तोच त्याचा रंग समजत होतो.

डाग माझा होता. स्वच्छता मात्र आईवर शेकणार होती.

सगळा गालिचा धुवावा तर सकाळी उपासना, आणि डिसेंबरात एवढं जाड कापड रातोरात वाळत नाही. मग डबा उचलला आणि उरलेला निळा बरोब्बर त्याच जागी ओतला.

रविवारी उपासना संपल्यावर उभं राहून चूक कबूल केली. आई सगळ्यांदेखत उठली. ‘‘इतकी वर्सं जिवापाड जपला म्या, आन् ह्या मास्तरानं एका दिसात वाट लावली!’’ एक पंच म्हणाले, ‘‘जाऊ द्या मावशी, तुमी हाय म्हनून चर्च हाय.’’ मी मान खाली घालून उभा होतो. मला फार बरं वाटत होतं.

घरी येताना तिनं माझा दंड धरला होता. गुडघ्यांमुळे धरते. फाटक मागे पडल्यावर म्हणाली, ‘‘काल मी झाडायला आल्ते. तू नळावर पाठमोरा हुता. आत डोकावले, ती लाल जागा बघितली, आन् तशीच माघारी गेले.’’

मी चाल आणखी हळू केली.

‘‘मला दिसली,’’ ती म्हणाली, ‘‘म्हंजे लईच लाल असंल.’’