माळकऱ्याच्या घरातलं मांस

मी एसटीत कंडक्टर. दिवसभर हलत्या गाडीत उभं राहायचं, म्हणजे पोटापाण्याचा सगळा भार मांड्यांवर. एकदा ड्यूटीला निघाले असताना चाकूरच्या अलीकडे स्कूटी घसरली आणि उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, आत सळई बसली आणि मी घरी सासूबाईंच्या ताब्यात आले.

सासूबाई माळकरी, आणि पथ्याच्या बाबतीत फौजदार. "डाळीनं जखमेत पू धरतो," हे त्यांचं ठाम मत. म्हणून सकाळी पेज, दुपारी पेज आणि संध्याकाळी, बदल म्हणून, जरा पातळ पेज. माझी खाट धान्याच्या खोलीत होती. उशाशी घरच्या तूरडाळीचं पोतं. मी त्याचा वास घेत पेज प्यायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

महिन्याभरानं तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी पार वाळली होती. त्या रागावल्या, पण सासूबाईंवर.

"आजी, एवढा मार बसला की दुरुस्तीसाठी शरीर स्नायू मोडून प्रथिनं काढतं. त्यात खाणंही असं! सूनबाईंचं अंग त्यांचंच मांस खातंय. असंच चाललं तर बसमध्ये उभं राहणं विसरा."

नोकरी गेली तर मी करू काय, एवढंच माझ्या डोक्यात. सासूबाई मात्र भलत्याच शब्दावर अडकल्या.

"आगं बया! माळकऱ्याच्या घरात तू मांस खाऊन राहिलीस?"

"मी न्हाई आत्याबाई, अंग खाऊन राहिलंय."

"कोणी का खाईना! माझ्या घरात न्हाई चालायचं!"

डॉक्टरीणबाईंनी तोंडासमोर फाईल धरली.

त्याच दिवशी पोतं सुटलं. घट्ट वरण, मटकीची उसळ, दूध, शेंगदाण्याची चटणी. पायाचा व्यायाम चुकवला की चुलीपासून आवाज यायचा, "खाल्लंस का परत मांस?"

ड्यूटीवर परतले त्या दिवशी लातूर-नांदेड गाडीत चाकूरला सासूबाई चढल्या आणि त्यांनी अहमदपूरचं तिकीट मागितलं. तिथं त्यांचं काडीचंही काम नव्हतं. पुढच्या सीटवर बसून त्या वाटभर माझ्या पायांकडे बघत होत्या. उतरताना सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या उजव्या मांडीवर थाप मारली.

"हाव, चढलंय की मूठभर!"

मला रडू फुटलं, आणि मी दणक्यात डबल बेल दिली.