दुपारची रात्र

कोणी छातीवर तळहात ठेवून हलकेच दाबावं, सोडावं, पुन्हा दाबावं, तसा तो ठेका आधी अंगाला लागायचा आणि मग कानाला. राळेगावच्या कापसाच्या जिनाच्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये तो घुमू लागला की छताच्या कैच्यांवर वर्षानुवर्षं साचलेली रुईची भुकटी सैल व्हायची आणि तरंगत खाली यायची. बाहेर टळटळीत दुपार असायची, भिंतीपलीकडे शेळ्या बाभळीच्या शेंगा खात असायच्या, आणि आत, हाताच्या अंतरावर, रंगीत दिव्यांचा काळोख. ध्वनीलाही वजन असतं, हे मला त्या शेडच्या दारात उभं राहून कळलं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. कापसाचे भाव पडले होते आणि पडलेल्या भावात माल सोडायला कोणी तयार नव्हतं. आज ना उद्या भाव उठेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. ज्याच्या दोन खोल्या, त्यातली एक आढ्यापर्यंत पांढरी. माणसं ओसरीवर झोपायची, लेकरं अंग खाजवत शाळेत यायची. मी तिथं मास्तरीण होते, त्यांच्या केसांत अडकलेले धागे मला रोज दिसायचे. घरं अशी भरलेली आणि ज्या जिनानं कापसाची सरकी वेगळी करून रुई करायची, ते मात्र रिकामं! संपत्ती आपल्या उशाशी असूनही आपली नसते, असा तो विलक्षण काळ होता. जिनाचा भोंगा बंद झाला तेव्हा पहिले काही दिवस गावाला सकाळ झाल्याचंच कळत नव्हतं.

आमचे बाबा त्या जिनात फिटर होते. जिन बंद पडल्यावरही ते सकाळी आंघोळ करून फाटकापर्यंत जायचे, थोडं उभे राहायचे आणि परत यायचे. आई नव्हती. घरात बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ प्रकाश. हा प्रकाश काही काळ मुंबईत एका मोठ्या हॉटेलात विजेच्या मिस्त्रीच्या हाताखाली होता. त्या हॉटेलच्या तळघरात नाइट क्लब होता. बाबांचा खोकला वाढला म्हणून तो परतला आणि जिनातच विजेचं काम पाहू लागला. तेवढ्यात जिन थांबलं. जिनाचे मालक शेट हिंगणघाटला राहत. बंद जिनाची राखण त्यांनी प्रकाशवर सोपवली.

डिस्को हा शब्द तेव्हा आमच्याकडे वाऱ्यावर उडत आलेल्या बीसारखा आला होता. तो नेमका काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच तो सगळ्याला चिकटला. सलूनमध्ये डिस्को कटिंग, कापडदुकानात डिस्को कापड, बसस्टँडवर डिस्को भजी. ज्याला ज्याला चकचकीत, नवं आणि थोडं आगाऊ म्हणायचं, त्याला गाव डिस्को म्हणू लागलं. न पाहिलेल्या गोष्टीचं नाव आधी येतं आणि मग माणसं त्या नावाजोगती गोष्ट शोधत हिंडतात, असं का व्हावं?

प्रकाशनं ती गोष्ट पाहिली होती. निदान गाव तसं समजत होतं. रिकाम्या हातांची पोरं त्याच्याभोवती जमायची, क्लब कसा असतो ते विचारायची. एक दिवस त्यानं शेटकडे निरोप धाडला की शेड वापरू का. आग लागू देऊ नका, एवढाच उलट निरोप आला.

मग त्या शेडचा डिस्को झाला. मंडपवाल्याचे भोंगे आणि टेपरेकॉर्डर प्रकाशनं नेहमीच दुरुस्त करून दिलेले. ते त्यानं रविवारापुरते मागून आणले. बल्बना रंगीत जिलेटीन गुंडाळलं. जवळच्या बंजारा तांड्यावरचा त्याचा जिवलग मित्र देविदास राठोड याच्या आईनं, ज्यांना आम्हीही देविदाससारखं याडीच म्हणायचो, कांचळीवर, म्हणजे चोळीवर, टाकायला ठेवलेले गोल आरसे एका मडक्यावर चिकटवून दिले. ते मडकं टेबलफॅनच्या मोटरीला उलटं टांगलं की भिंतीभर चांदणं फिरायचं. अडचण एकच होती. संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरायचं की टेप रडू लागायचा. वीज धड असायची ती दुपारी. तेव्हा प्रकाशनं जिनातलं जुनं बारदान काढलं, खिडक्यांवर, झरोक्यांवर, दारावर दुहेरी टांगलं, आणि भर दुपारी रात्र तयार केली.

मी दर रविवारी जात होते असं नाही. पण गेले तेव्हा दाराशी बसून पाहिलं. शिंप्याचा मुलगा, हमाल, तांड्यावरचे तरुण, आमच्या बौद्धपुऱ्यातले, पाटीलपुऱ्यातले. लग्नाच्या पंगतीत कोणी कुठं बसायचं हे ज्या गावाला पाठ होतं, त्या गावाचे हे लोक त्या काळोखात एकमेकांच्या पायांवर पाय देत नाचायचे. सगळ्यांच्या अंगात चमकणारे नायलॉनचे, टेरिलिनचे सदरे. कापूस घरात खोलीभर पडलेला, आणि कापसाचा सदरा घालून कोणी नाचायला येत नव्हतं! मला त्याचं हसू आलं नाही, दुःखही झालं नाही. ज्या वस्तूनं माणसाला दमवलं, ती घटकाभर अंगावरून उतरवून ठेवावीशी वाटणं किती स्वाभाविक आहे.

गावात अर्थातच बोललं गेलं. विहारातल्या वडीलधाऱ्यांनी बाबांना बोलावून समजावलं की पोरांनी पुस्तकं वाचायचे हे दिवस. बाबांनी ऐकून घेतलं. घरी येऊन प्रकाशला अडवलं नाही; फक्त रविवारी फाटकापर्यंत जायचं त्यांनी सोडलं.

याच सुमाराला प्रकाशचं लग्न ठरू पाहत होतं. मुलगी कळंबची, सुनंदा. तिचे वडील गुलाबराव तिथल्या एका शाळेत शिपाई. स्वच्छ धोतर-टोपीतला, मोजकं बोलणारा माणूस. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून त्यांनी आमच्याकडे चहा घेतला, प्रकाशला दोनचार प्रश्न विचारले, आणि मुलगा पसंत असल्याचं सांगून गेले. आम्हीही कळंबला जाऊन सुनंदाला पाहून आलो. तिनं प्रकाशकडे सरळ नजरेनं पाहिलं होतं, हे मला आवडलं होतं. पण तारीख धरायच्या आधीच गुलाबरावांच्या मेहुण्याकडून निरोप आला. मुलगा क्लब चालवतो असं कानावर आलं आहे. आमची पोरगी अशा घरात द्यायची नाही.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. पुढच्या रविवारी प्रकाशनं मात्र नेहमीसारखं बारदान टांगलं. हा हट्ट होता की दुःख, ते मला ठरवता आलं नाही. पुष्कळदा ती दोन्ही एकाच ताटात जेवतात.

आणि त्यानंतरच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटता सुटता, सुनंदा माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली. सोबत तिची काकू. दोघी कळंबहून एसटीनं आल्या होत्या, राळेगावच्या एका नातलगाकडे जातो असं घरी सांगून. तिनं मला नमस्कार केला आणि आडवळण न घेता सांगितलं, “ताई, ज्याच्यापायी माह्यं लगन मोडलं, ते मले एकदा पाहाचं हाय.”

काकू अवघडून दुसरीकडे पाहत होत्या. मी काय करायला हवं होतं? मुलीचा बाप नाही म्हणाला होता. पण मुलीला काय वाटतं, हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. बापानं नाही आणि, खरं सांगायचं तर, आम्हीही नाही. मी छत्री उघडली आणि त्यांना जिनाकडे घेऊन गेले.

शेडमध्ये प्रकाश एकटाच होता, उद्यासाठी आणून ठेवलेल्या भोंग्यांना तारा जोडत. सुनंदाला पाहून त्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला. ती सगळीकडे शांतपणे पाहत फिरली. उलट्या मडक्याखाली थांबली, बारदानाला हात लावून पाहिला. तिला बहुधा काही भयंकर दिसेल असं वाटलं होतं. दिसलं ते एक रिकामं गोदाम आणि त्यात बावरलेला एक माणूस. मग तिनं विचारलं, मुंबईला तुम्ही असेच नाचत होते का?

प्रकाशनं जे उत्तर दिलं ते मीही तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होते.

“मी तिथं कधी नाचलोच नाही,” तो म्हणाला. “रात्री आमाले आत जाऊ देत नव्हते. मी दुपारी जाऊन बलप बदलत होतो. खुर्च्या उलट्या ठेवलेल्या राहत. मानूस मी एकबी पाह्यला नाही.”

म्हणजे ज्या क्लबाच्या गोष्टी सारं गाव कान देऊन ऐकत होतं, तो क्लब त्यानं रिकामाच पाहिला होता! त्या उलट्या खुर्च्यांमधून त्यानं नाचणारी माणसं कल्पिली होती आणि मग ती इथं, आमच्या जिनात, एकेक करून गोळा केली होती. मला एकदम लक्षात आलं की इथंही मी त्याला नाचताना पाहिलं नव्हतं. तो सदैव बटनांपाशी असायचा. दुसऱ्यांवर उजेड टाकायचा.

सुनंदानं तेच विचारलं. इथं तरी नाचता का? त्यानं मान हलवली. दिवे कोण पाहील, असं काहीसं पुटपुटला.

ती बटनांच्या पाटीजवळ गेली. पदर खोचला. “कोन्तं बटन कायचं, ते सांगा मले,” ती म्हणाली. “आज दिवे मी पाहतो. तुमी नाचा.”

आमच्याकडे बायकाही ‘मी पाहतो’ असंच म्हणतात. त्या क्षणी मात्र ते बोलणं मला फार शोभून दिसलं. प्रकाशनं तिला बटनं सांगितली, टेप सुरू केला आणि त्या भल्यामोठ्या जमिनीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याला नाचता येत नव्हतं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा भाव. सुनंदा एक बटन दाबायची, दुसरं सोडायची, चुकायची, पुन्हा दाबायची. तांबड्यातून तो निळ्यात जायचा, निळ्यातून हिरव्यात. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपेपर्यंत तो थांबला नाही. किती तरी महिन्यांत मी माझ्या भावाला घामाघूम झालेलं पाहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत बसवून देताना ती मला म्हणाली की घरी खोटं बोलून आले खरी, पण आता खरं सांगीन. तिनं सांगितलंही. गुलाबराव पुष्कळ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. दुसरी दोन स्थळं आली. तिनं दोघांना नाही म्हटलं. शेवटी पावसाळा सरता सरता गुलाबराव स्वतःच आमच्याकडे आले आणि म्हणाले, तो क्लब बंद करा, मग मी लग्न लावून देतो. प्रकाश तत्काळ हो म्हणणार होता. पण सुनंदानं आधीच काकूंकरवी मला कळवून ठेवलं होतं, की माझ्यासाठी म्हणून बंद करू नका. जिन सुरू झालं म्हणजे आपोआप बंद होईल, तोवर लोकांना नाचू द्या. मी ते जसंच्या तसं गुलाबरावांना सांगितलं. ते टोपी नीट करून निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर भाव थोडा सुधारला. फार नाही, पण लोकांचा धीर संपला होता आणि घरांना खोल्या परत हव्या होत्या. बैलगाड्यांची रांग लागली, शेट हिंगणघाटहून आले, भोंगा वाजला. नाचणाऱ्या पोरांनीच बारदान उतरवलं आणि त्याच जमिनीवर त्यांनीच कापूस ओतला. कोणी हळहळलं नाही. मग गुलाबरावांचा होकार आला, आणि वैशाखात प्रकाश आणि सुनंदाचं लग्न विहारात झालं. त्रिसरण-पंचशील झालं, देविदास आणि याडी पहिल्या ओळीत बसले होते. बाबांनी ते पाहिलं, हे बरं झालं. पुढचा हिवाळा त्यांना झेपला नाही.

मोठ्या शहरांत तो डिस्को कधी आला, कधी जुना झाला, याच्याशी आमचा फारसा संबंध आला नाही. नवनव्या गोष्टी येतात तेव्हा त्यांचं काय होईल याची आपण चिंता करत बसतो. त्यांच्या निमित्तानं आपल्यातलं कोण उठून बटनांपाशी जाणार आहे, ते आपल्याला दिसत नाही.

लग्नानंतर वर्षाभरानं गुलाबराव मुलीला भेटायला आले होते. संध्याकाळी मला एकटीला गाठून त्यांनी हळूच विचारलं, ते कुठं होतं? मी त्यांना जिनापर्यंत घेऊन गेले. आत यंत्रं चालू होती, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ते दारात उभे राहिले आणि सगळी शेड डोळ्यांनी मोजल्यासारखी पाहिली. मग आम्ही परत निघालो. आमच्या दाराशी आल्यावर ते थांबले.

“मास्तरीनबाई,” ते म्हणाले, “मले भेव कायचं होतं, सांगू? का पोरगी तिथं गेली, तं माह्या आयकन्यात राह्यनार नाही. तसंच झालं. आता तिच्या घरी येतो तं वाटते, बरं झालं.”

आतून सुनंदानं त्यांना जेवायला हाक मारली. ते चपला काढून, हात-पाय धुवायला मोरीकडे गेले.