अकरा सेकंदांचा सूड

एवाल्ड ब्रुगमनला घशाचा कॅन्सर झालाय, ही कुजबूज आमच्या गावात पहिल्यांदा केली बेकरीवाल्या गेर्डानं. त्या आठवड्यात पावाबरोबर ती सगळ्यांना फुकट मिळाली.

एवाल्डला मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखतो. बाविशीत तो आमच्या हँडबॉल क्लबच्या हॉलमध्ये माईकवर सामने रंगवून सांगायचा. क्लबच्या पंचाहत्तरीला, भरल्या हॉलसमोर, अध्यक्ष क्लेमेन्स राउटेनबर्गनं त्याच्या हातातला माईक काढून आपल्या भाच्याला दिला. वर म्हणाला, "अरे, तुझ्या आवाजानं गाईंचं दूध आटतं!" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

एवाल्ड कोलोनला गेला. आधी रेडिओ, मग टीव्ही. तीस वर्षं अख्खा देश त्याचं समालोचन ऐकत होता. दर नाताळला मात्र त्याचा मला फोन यायचा, "तो क्लेमेन्स म्हातारा जिवंत आहे ना? राहू दे. मला हवाय तो."

मग यंदा कपच्या सामन्यासाठी एक बडा संघ आमच्या हॉलमध्ये आला, मागोमाग टीव्हीवाले. निवृत्तीला महिना उरलेल्या एवाल्डनं हा सामना वरिष्ठांकडून मागून घेतला. मध्यंतरात क्लेमेन्सच्या कोटाला पन्नास वर्षांच्या सेवेची सोन्याची पिन लावली जाणार होती. टीव्हीवर आपलं नाव यावं, एवढीच बुढ्ढ्याची शेवटची हौस. ठळक अक्षरांत नाव लिहून त्यानं स्वतः चिठ्ठी एवाल्डकडे धाडली.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे नेहमीसारखे माझ्याकडे बिअरला जमले. क्लेमेन्स सामन्याची टेप घेऊन आला. "गप्प बसा रे, आता मी येतोय!"

आला. पिन चमकली, टाळ्या ऐकू आल्या. एवाल्डचा आवाज मात्र काहीच नाही. चित्र बदललं तसा एवाल्ड बोलू लागला, "आणि हे आल्फ्रेड हुसमन. गेली वीस वर्षं या हॉलची फरशी पुसतात. यांना विसरून कसं चालेल?"

छपरं शाकारणारा हाइनर खिंकाळला, "क्लेमेन्स, थोबाड दिसलं, नाव कुठाय?"

"घसा गेलाय त्याचा! आजारी आहे तो!" क्लेमेन्स ओरडला आणि ग्लास अर्धा टाकून निघून गेला. बेकरीवाली गेर्डा त्याची सख्खी बहीण.

कॅन्सर नव्हता. समालोचकापुढे खोकताना दाबायचं एक बटण असतं. दाबलं की माईक बंद. एवाल्डला खोकला आला नव्हता. त्यानं ते अकरा सेकंद दाबून धरलं होतं.