सुकरीबाईचे बोट

रक्त कोणाचे? ज्याच्या देहात वाहते त्याचे, आणि तो देह ज्याने दिला त्याचे. तिसऱ्या कोणाचेही नव्हे! बल्लारपूरच्या रीना खोब्रागडेने हे कुठल्या ग्रंथात वाचले नव्हते. पण दोन हजार सहा साली चंद्रपूरच्या एका सभागृहात, आपला प्रकल्प मांडताना, ती एवढ्याचसाठी ताठ उभी राहिली.

सिकलसेलच्या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. त्यांची छायाचित्रे दाखवून दाखवून संगणकाला त्या ओळखायला शिकवायच्या, म्हणजे रानातल्या दवाखान्यातही निदान लवकर होईल, असा तिचा संकल्प. धानोऱ्याकडच्या एका गावातील रक्ताच्या काचपट्ट्या कपाटात तयारच होत्या. मात्र त्या घेताना गावाला सांगितले होते, हिवतापाची तपासणी आहे.

"त्या मी वापरणार नाही," रीना म्हणाली. "आधी गावाला विचारीन. जिथे खात्री नाही तिथे यंत्र 'ठाऊक नाही' असेच म्हणेल. आणि निकाल ज्याचा त्याच्या कानात, चावडीवर नाही."

मार्गदर्शक वामनराव हसले. "अवं पोरी, वाळल्या रक्ताले का इचारतेस? गाव नाई म्हणालं त?"

"त नाई, सर."

"प्रकल्प बुडन तुहा."

"बुडू द्या. चोरीच्या फुलांनी मी वंदना करत नाही."

गावाच्या सभेत तिने जुने खोटे आधी उघडे केले, मग आपले काम सांगून नव्याने रक्त मागितले. तेव्हा गावातली म्हातारी सुकरीबाई पुढे आली. त्याच तपासणीत तिच्या नातीला सिकलसेल निघाल्याची कुजबुज गावभर फिरून नातीचे जमलेले लग्न मोडले होते. ती समोर बसली, बोट पुढे केले. रीनाने सुई काढली, आणि बाईने हात मागे ओढला.

"नाई!"

ही नाही म्हणाली, म्हणजे गाव नाही म्हणाले. रीनाने सुई डब्यात ठेवली, झाकण लावले. "बरं, बाई."

"रागावलीस?"

"नाई."

"मंग दवाखान्यात औषध भेटन का मले?"

"भेटन. औषधाचा अन् याचा काही संबंध नाई."

सुकरीबाई खुदकन हसली. "मांगं आले ते मनगट धरून बोट टोचत. मी पाहून राह्यली होती, तुह्याजवळ 'नाई' चालते का."

तिने बोट पुन्हा पुढे केले. या वेळी ते हलले नाही.

"घे आता. अन् तुह्या सायबाले सांग, हे रक्त सुकरीनं देल्लं. कोनी घेतलं नाई."